‘तूर’ म्हणजे किती चालायचं?

बर्गन शहराभोवती सात डोंगर आहेत. त्यांतला सर्वांत उंच उल्रिकन, ६४३ मीटर. केबलकारने त्याच्या माथ्यावर जायचं आणि तिथून उघड्या पठारावरून, दगडधोंड्यांतून, छोट्या तळ्यांच्या कडेकडेने फ्लॉयन डोंगरापर्यंत चालत यायचं, ही बर्गनकरांची लाडकी वाट. तिला ‘विद्दन’ म्हणतात. अंतर १३ ते १५ किलोमीटर, चालायला पाच-सहा तास. भर उन्हाळ्यातही वर धुकं उतरलं की पुढची खूण दिसेनाशी होते. आणि बर्गन म्हणजे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारं गाव, त्यामुळे खडक कोरडा मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

नॉर्वेजियन पत्रकात अशा वाटेचं वर्णन एका ओळीत उरकलेलं असतं: छान ‘दागस्तूर’. दिवसभराची तूर. तिथल्या वाचकाला एवढं पुरतं. तो शब्द वाचताच घोट्यापर्यंतचे बूट, आतून लोकरीचा थर, वर पावसाळी जाकीट, डब्यातले पावाचे तुकडे आणि थर्मास हे सगळं तो मनातल्या मनात भरून ठेवतो. इंग्रज किंवा अमेरिकन वाचकाला हेच वाक्य कोणत्या शब्दात द्यायचं, हे ज्या टेबलावर ठरतं, त्या टेबलाशी बसणारी अनुवादक मूळची पुण्याची आहे. एका छोट्या अनुवाद कार्यालयात ती नॉर्वेजियन मजकूर इंग्रजीत नेते: वाटांचे फलक, पर्वतकुटींची माहिती, नगरपालिकांची पत्रकं. समोरच्या टेबलावरचा बर्गनचा सहकारी उलट्या दिशेने काम करतो, इंग्रजीतून नॉर्वेजियनमध्ये, बहुतेक वेळ मालिका आणि चित्रपटांची उपशीर्षकं. दोघं एकमेकांचा मजकूर तपासतात. वयाने तो बराच मोठा, पण नॉर्वेत सगळे सगळ्यांना एकेरीतच बोलतात, तशी तीही बोलते.

चालण्याच्या शब्दांवरून त्या दोघांत जेवढी चर्चा होते तेवढी दुसऱ्या कशावरून होत नाही. आळसावून, मजेत, वेळ काढत चालण्यासाठी इंग्रजीत शब्दांची रेलचेल आहे: स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, रँबल, वाँडर, मीअँडर. नॉर्वेजियनही गरीब नाही: रुस्ले, स्पासेरे, स्लेंत्रे, तुस्ले, व्हान्द्रे, द्रीवे. द्विभाषिक कोश उघडला तर या दोन रांगा आडव्यातिडव्या रेघांनी जोडलेल्या दिसतात. ‘स्ट्रोल’समोर ‘स्पासेरे’ आणि ‘रुस्ले’, ‘सॉन्टर’समोर ‘स्लेंत्रे’ आणि पुन्हा ‘रुस्ले’. कोश चुकत नाही. पण बूट घालून निघालेल्या माणसाला या रेघांवरून काही कळत नाही.

“विद्दनला जाताना घरी काय सांगून निघतोस?” तिने एकदा विचारलं.

“तूरला जातो.”

“आणि रात्री जेवण झाल्यावर कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला?”

“तेही तूरच,” तो म्हणाला, “छोटी.”

हीच खरी अडचण. ‘तूर’ उच्चारताना ओठ गोल ठेवून जीभ पुढे आणावी लागते. देवनागरीत लिहिलं की डाळच डोळ्यांसमोर येते. शब्द मूळचा फ्रेंच ‘तूर’वरून आलेला, त्याच्या मागे लॅटिनमधली गोल फिरण्याची कल्पना. इंग्रजी ‘टर्न’ आणि ‘टूर’ त्याच घराण्यातले. म्हणून जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) मिस बिंग्ली एलिझाबेथला दिवाणखान्यात एक ‘टर्न’ घ्यायला बोलावते, आणि आपण ‘फेरी’ मारतो किंवा ‘फेरफटका’ मारून येतो, तेव्हा तिन्ही भाषांनी घरी परतण्यालाच चालण्याचं नाव दिलेलं असतं. नॉर्वेजियनने मात्र या एका शब्दावर अख्खा संसार उभा केला. स्कीवरची ती स्कीतूर, सायकलवरची सिक्केलतूर, डोंगरातली फ्येल्तूर, कुटीत राहायला जायचं ती ह्युत्तेतूर, कुत्र्याला हवा द्यायची ती लुफ्तेतूर, बाबागाडी ढकलत जायचं ती त्रिल्लेतूर. रविवारची तर वेगळीच, सॉनदागस्तूर, तिच्यात आळसाला जागा नाही. बालवाडीतली मुलं ठरलेल्या दिवशी पाठीवर छोट्या पिशव्या घेऊन रानात जातात, तीही तूर. मुलांना पहिल्यांदा जी यमकं शिकवली जातात त्यांत ‘ऊत पो तूर, आल्द्री सूर’ असतंच: तूरला निघालेलं माणूस कधी कुरकुरत नाही. वाटेत भेटलेला अनोळखी माणूस ‘गू तूर’ म्हणतो. शहरात तोच माणूस शेजारून नजर न भिडवता निघून जाईल. आणि बरोबर चाललेल्याला परतल्यावर ‘ताक फॉर तूरन’ म्हणायचं, तूरबद्दल आभार.

म्हणजे इंग्रजीत मजेच्या चालण्याचा भार क्रियापदांवर आहे आणि नॉर्वेजियनमध्ये एका नामावर. इंग्रज सांगतो तो माणूस कसा चालला. नॉर्वेजियन सांगतो तो कशाला निघाला. अनुवादकाचं काम इथे सुरू होतं.

इंग्रजी शब्दांच्या पोटात त्या माणसाविषयीचं मत असतं. सतराव्या शतकात ‘स्ट्रोल’ हा भटक्यांचा, गावोगाव फिरणाऱ्या नाटकवाल्यांचा शब्द होता. पुढे तो सभ्य झाला आणि बागेत, समुद्रकिनाऱ्यावर, हातात हात घालून चालू लागला. ‘अँबल’ मूळचा घोड्याचा, त्याच्या सावकाश, डुलत्या चालीचा. ‘सॉन्टर’ कुठून आला हे ठामपणे कुणालाच सांगता येत नाही. थोरोने १८६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर महिनाभरात छापून आलेल्या ‘वॉकिंग’ निबंधात तो पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंशी जोडून दाखवला. व्युत्पत्तीशास्त्राला ते मान्य नाही, पण रिकामटेकड्या चालण्याला इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुणी दिली नसेल. आणि ‘रँबल’ तर उघड उघड राजकारणात गेला. १९३२च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या किंडर स्काउट पठारावर शेकडो माणसं मालकांची मनाई झुगारून चढली. ते पठार शिकारीसाठी राखलेलं होतं. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९३५ साली देशभरच्या चालणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं आजचं नाव ‘रँबलर्स’. दिशा न ठरवता हिंडणं या अर्थाचा शब्द चालण्याच्या हक्काचा झाला.

पुण्याच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘भटकणे’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द नव्हता. घरदार नसलेल्याला, काम टाळणाऱ्याला तो लागायचा. सह्याद्रीत गडकिल्ले पालथे घालणाऱ्यांनी ‘भटकंती’ हा शब्द अभिमानाने अंगावर घेतला आणि त्याची किंमत बदलली. ‘रँबल’ समजून घ्यायला तिला ‘भटकंती’चाच उपयोग झाला. नॉर्वेजियन सहकाऱ्याला मात्र तो समजावून सांगावा लागला, कारण त्याच्या भाषेतल्या चालण्याला असा लढा द्यावाच लागला नाही. लोकांचा मोकळ्या रानातून चालण्याचा जुना हक्क तिथे १९५७ च्या कायद्याने लिहून ठेवला. लागवड नसलेल्या जमिनीवर, मालक कुणीही असो, पायी जायची मुभा आहे. शेतजमिनीवरूनसुद्धा, जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असेल तर. फक्त ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात नाही, आणि घराच्या अंगणातून कधीच नाही.

या कायद्यामुळे अनुवादात एक वाक्य वाढतं. नॉर्वेजियन मजकुरात ते नसतं, कारण तिथल्या वाचकाला त्याची गरज नाही. इंग्रज पाहुणा मात्र फाटक दिसलं की थबकतो: ही वाट सार्वजनिक आहे का? त्याच्या देशात पायवाटांचे हक्क नकाशावर आखलेले असतात, नकाशात नसेल तर वाट परक्याची. म्हणून ती इंग्रजी मजकुरात स्वतःहून लिहिते की फाटकातून जायला हरकत नाही, ते फक्त मेंढ्यांसाठी आहे, मागे लावून घ्या. हे वाक्य मुळात नाही म्हणून एका गिऱ्हाईकाने एकदा खोडायला सांगितलं होतं. तिने खोडलं नाही, कारण कळवलं, आणि ते छापलं गेलं.

तिची शब्द पारखायची रीत मराठीवर उभी आहे. इंग्रजी आणि नॉर्वेजियन दोन्ही भाषा चालण्याची ढब क्रियापदात कोंबतात. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी भाषांची अशी विभागणी मांडली तेव्हापासून यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मराठीला चालणं आणि त्याची ढब सहसा सुटी सुटी लागतात. रमतगमत गेला. रेंगाळत आला. डुलत डुलत निघाला. क्रिया एकीकडे, ढब दुसरीकडे. त्यामुळे एखादं नॉर्वेजियन क्रियापद समोर आलं की ती आधी त्याला मराठीत फोडते, मग इंग्रजीत शिवते. ‘रुस्ले’ फोडलं की मिळतं: रमतगमत, घाई नसलेलं, वाटेत थांबून बोलायला वेळ असलेलं चालणं. ‘स्पासेरे’ फोडलं की निघतात नीट कपडे, सपाट रस्ता आणि बघणारे लोक. हा शब्द जर्मनमधून आला आणि त्याच्यासोबत शहरही आलं. ‘स्लेंत्रे’त हात खिशात असतात आणि जगाची पर्वा नसते, कधी किंचित गुर्मीही. ‘तुस्ले’ हळू आणि पाय न वाजवता, बहुधा एकट्याचं. ‘द्रीवे’त दिवस वाया चाललेला असतो. असं फोडल्यावर ‘सॉन्टर’ला ‘स्लेंत्रे’ का जवळचा आणि ‘अँबल’ला ‘रुस्ले’ का, हे वाद न घालता दिसतं. ‘स्ट्रोल’ मात्र एका जागी बसत नाही. बंदरावरच्या धक्क्यावर तो ‘स्पासेरे’, जंगलातल्या सपाट वाटेवर ‘रुस्ले’.

बर्गनमध्येच या दोन्हींच्या जागा दाखवता येतात. फ्लॉयनच्या उतारावर शहराला समांतर जाणारा फ्येल्वेयन नावाचा रस्ता आहे: रुंद, जवळजवळ सपाट, वर झाडं आणि खाली कौलारू छपरं, त्यापलीकडे बंदर. बाबागाड्या, काठी टेकत चालणारी म्हातारी माणसं, रविवारच्या कपड्यांतली जोडपी. इथे इंग्रजीत ‘स्ट्रोल’ लिहायला ती एका क्षणाचाही विचार करत नाही. फ्लॉयनवर ३२० मीटर उंचीपर्यंत १९१८ पासून चालणारी रेल्वे नेते. वर जाऊन गाडीने न परतता वळणावळणाच्या वाटेने शहरात उतरणं ही ‘रुस्लेतूर’. तिला इंग्रजीत ‘लेझरली वॉक डाउन’ चालतं. तिथून पुढे पठाराकडे वळलं की तिच्या लेखी हे सगळे शब्द संपतात.

मग विद्दनला काय म्हणायचं? अमेरिकन वाचकाला ‘हाइक’, त्यात शंका नाही. ब्रिटिश माणूस स्कॉटलंडच्या डोंगरात दिवसभर चिखल तुडवून आला तरी ‘वॉक’ला गेलो होतो म्हणतो, म्हणजे त्याचा ‘वॉक’ नॉर्वेजियन ‘तूर’च्या फार जवळ आहे. न्यूझीलंडचा माणूस त्यालाच ‘ट्रँपिंग’ म्हणेल. पण पत्रक एकच छापायचं असतं आणि वाचणाऱ्यांत सिंगापूरचे, स्पेनचे आणि नागपूरचेही लोक असतात, ज्यांना ‘वॉक’ म्हणजे सकाळचं मैदानावरचं चालणं. म्हणून ती ‘हाइक’ लिहिते आणि ‘छान’ हे विशेषण काढून टाकते.

यामागे निव्वळ आवडनिवड नाही. नॉर्वेजियन माणसाला चालण्याचं मोजमाप कमी करून सांगायची सवय आहे. चार तासांच्या चढाला तो ‘एक छोटीशी तूर’ म्हणतो. यात बढाई नसते. असं चालणं त्याच्या आयुष्यात रोजचं आहे एवढंच. हार्डांगरमधल्या त्रोलतुंगा या कड्यापर्यंत शेग्गेदालहून जाऊन-येऊन सुमारे २७ किलोमीटर होतात आणि सगळा दिवस लागतो. दगडाच्या जिभेवर उभ्या माणसाचा फोटो जगभर गेला, वाट मात्र फोटोत दिसत नाही. अशा ठिकाणी ‘तूर’चं भाषांतर हलक्या शब्दाने केलं तर कॅनव्हासचे बूट घालून कुणीतरी दुपारी बारा वाजता निघेल, अशी तिची धास्ती असते.

ही धास्ती त्या देशालाही ओळखीची आहे. १९६७ च्या ईस्टरमध्ये नॉर्वेच्या डोंगरांत वादळांनी १८ माणसांचा जीव घेतला. त्यानंतर ‘फ्येल्व्हेत्त’ म्हणजे डोंगरातल्या शहाणपणाच्या नियमांचा प्रचार जोरात झाला. ते नऊ आहेत, क्विक लुन्श या चॉकलेटच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला ते वर्षानुवर्षं छापले गेले, आणि त्यांतला सर्वांच्या तोंडी असलेला नियम सांगतो की वेळेवर मागे फिरा, त्यात लाज नाही. १८६८ साली स्थापन झालेल्या नॉर्वेजियन पर्यटन संघाने देशभर हजारो किलोमीटर वाटांवर दगडांवर लाल ‘टी’ अक्षर रंगवलं आहे. पुढचा ‘टी’ दिसेपर्यंत आधीचा नजरेआड करायचा नाही, हे धुक्यात चालणाऱ्याला कुणीही सांगतं. फलकांवर रंग असतात, हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल कठीण, काळा जाणकारांसाठी. या रंगांनी तिचं काम पुष्कळ सोपं केलं. शब्द हलका वाटला तरी शेजारचा लाल गोल बजावून सांगतो.

सहकाऱ्याच्या टेबलावर अडचण उलटी. उपशीर्षकाच्या दोन ओळींत जेमतेम सत्तर-ऐंशी अक्षरं मावतात आणि ती काही सेकंदांत वाचून व्हायला हवीत. पात्र पडद्यावर डौलात चालत येताना दिसतंच, मग ‘सॉन्टर’ला ‘स्लेंत्रे’ लिहून सहा-सात अक्षरं का खर्चायची? अनेकदा तो साधं ‘गो’ लिहितो. ‘गो’ म्हणजे चालणं. आणि हा शब्द मराठी माणसाला फसवतो, कारण तो आपल्या ‘जाणे’सारखा, इंग्रजी ‘गो’सारखा वाटतो. नॉर्वेजियन शिकणारे भारतीय ‘उद्या मी भारतात जाते’ म्हणताना हटकून ‘गो’ वापरतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाई पायी निघाल्या. विमानाने, गाडीने जायला ‘राइसे’ किंवा ‘द्रा’ लागतं. पायांनी केलेल्या हालचालीसाठी एक लहानसं, रोजचं क्रियापद राखून ठेवलेली भाषा आहे ही.

त्या लहान क्रियापदाचं इंग्रजीत काय होतं, याचं एक उदाहरण दोघांच्या मधल्या शेल्फवर आहे. तोमास एस्पेदाल हा बर्गनचाच लेखक. २००६ साली त्याचं चालण्याविषयीचं पुस्तक आलं, नाव ‘गो’, आणि उपशीर्षकात रानटी, काव्यमय आयुष्य जगण्याची कला. २०१० मध्ये जेम्स अँडरसन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कोलकात्याच्या सीगल बुक्सने छापला. नाव झालं ‘ट्रँप’. ‘वॉक’ नाही, ‘गो’ तर नाहीच. ‘ट्रँप’मध्ये जड पावलांचा आवाज आहे आणि बेघर भटक्याही आहे. उलट दक्षिण ध्रुवावर एकट्याने चालत गेलेल्या एर्लिंग कागेचं ‘ओ गो’ (२०१८) इंग्रजीत साधं ‘वॉकिंग’ झालं. एकच क्रियापद, दोन पुस्तकं, दोन वाटा.

तिच्या मते ‘ट्रँप’ हा धाडसी आणि योग्य निर्णय होता: पुस्तकातला माणूस घर सोडून निघालेला आहे आणि त्या एका शब्दाने ते मुखपृष्ठावरच कळतं. सहकाऱ्याला तो जास्त बोलका वाटतो. मूळ नावाचा दबदबा त्याच्या साधेपणात होता, त्यात चांगल्या कपड्यांतला माणूसही मावत होता आणि फाटक्या बुटांतलाही, असं तो म्हणतो. या बाबतीत दोघांचं एकमत झालेलं नाही.

विद्दनच्या मजकुरावर मात्र झालं. इंग्रजी परिच्छेदात तिने आधी आकडे घातले: अंतर, चढ, थांबे वगळून लागणारे तास. मग बुटांविषयी एक वाक्य, धुक्याविषयी एक, माघारी फिरायच्या जागेविषयी एक. नॉर्वेजियन बाजूला ‘दागस्तूर’ हा शब्द तसाच ठेवला, कारण त्या वाचकाला तो सगळं सांगतो. मुळातल्या एका ओळीच्या इंग्रजीत सहा ओळी झाल्या आणि पत्रकावर जागा अपुरी पडू लागली. सहकाऱ्याने नकाशा थोडा लहान करायला सुचवलं. तसं कळवून मजकूर छपाईला गेला.